त्याला मी फौजेत जा म्हणालो

खडकीच्या ज्या मैदानावर मी रोज सकाळी भरतीची पोरं पळवतो, तिथं मला सगळे ‘फौजी सर’ म्हणतात. मी फौजेत कधीच नव्हतो. हे मी वर्षानुवर्षं आपणहून कुणाला सांगितलं नाही, आणि एका माणसाखेरीज कुणी तोंडावर विचारलंही नाही. बारीक कापलेले केस, कडक इस्त्रीची हाफ पँट, आजूबाजूला छावणी आणि पन्नाशीकडे झुकलेला, शिट्टी गळ्यात घातलेला माणूस. एवढं दिसलं की बाकीचं लोक स्वतःच ठरवतात. मी राहतो त्या मांजरी उपनगरात आमच्या सोसायटीत पंधरा ऑगस्टला मला झेंड्याच्या अगदी जवळ उभं करतात. मी उभा राहतो.

दुसरी गोष्ट याहून जुनी आहे आणि पुण्यात इतकी वर्षं ती फक्त माझ्या बायकोला ठाऊक होती. मी मुलगी म्हणून जन्मलो. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात वाढलो ते मुलगी म्हणून, आणि पुण्यात आलो तो पुरुष म्हणून. ऑपरेशनं, नाव, कागदपत्रं हे सगळं पुढं कितीतरी वर्षं सावकाश होत राहिलं. आज माझ्याकडे बघून कुणाला शंका येत नाही. शंका मलाच येतात, सगळ्यांच्या. मला नेमानं हार्मोनचं एक इंजेक्शन घ्यावं लागतं. ते मी मांजरीत विकत घेत नाही, खडकीत तर नाहीच. लांबच्या ज्या दुकानातून घेतो, तिथला माणूस ओळखीचं हसायला लागला की दुकान बदलतो. सोसायटीत कुणी विदर्भातलं राहायला आलं, तर त्यांचं गाव कळेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही.

“तुमाले सगळेच हेर वाटतात,” बायको म्हणते. “लोकायले येवढी फुरसत आहे का जी?”

मैदानावर माझ्या जोडीला एक निवृत्त हवालदार आहेत. ते खरे फौजी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, “कुठल्या युनिटचे?” फौजी माणूस फौजी माणसाला पहिलं हेच विचारतो, हे मला तेव्हा कळलं. मी खाली बघितलं. ते समजले. “असू द्या,” म्हणाले, “पण पोरांना सांगू नका. पोरं फौजीच्या नावावर येतात.” एवढंच. माझ्या दुसऱ्या गोष्टीचा त्यांना पत्ता नव्हता. शिस्त आणि कवायत त्यांच्याकडे, धावणं माझ्याकडे, आणि रविवारी पोरांच्या छातीचं मापही माझ्याकडे. भरतीत न फुगवता आणि फुगवून अशी दोन मापं घेतात, म्हणून आम्ही सराव करून घेतो. इतर अकादम्यांमध्ये पोरं उघडी उभी करतात. आमच्याकडे बनियन घालून. मी टेप लावतो आणि बनियनचा अर्धा सेंटीमीटर वजा करतो.

“भरतीत कुणी बनियन ठेवू देणार नाही, सर,” हवालदारसाहेब दर हिवाळ्यात म्हणायचे. “उगाच लाजायची सवय लावताय.”

“थंडी असते,” मी म्हणायचो. उन्हाळ्यातही तोच नियम असायचा, तेव्हा ते काही म्हणायचे नाहीत.

ज्याच्याबद्दल हे लिहितोय तो मुलींच्या बॅचमध्ये आला होता. बुधवार पेठेत वडिलांचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. वयानं एकविशीचा, उंच, काटक, बोलायला तिखट. महिना-दीड महिना गेल्यावर एक दिवस सगळ्या मुली निघून गेल्या तरी तो पाण्याच्या टाकीपाशी थांबून राहिला.

“सर, मुलांच्या बॅचमध्ये धावलं तर चालेल?”

“का? मुलींत कुणी तुला हरवत नाही म्हणून?”

“नाही. मी मुलगा आहे म्हणून.”

दुकानात वायरचा भाव सांगावा तसं त्यानं ते सांगितलं. मला एका क्षणात सगळं समजलं. ते न समजणारा माणूस पुण्यात दुसरा कुणीही असू शकला असता, मी नव्हतो. आणि तरी मी मुद्दाम म्हणालो, “तू अजून घरी गेली नाहीस?” त्यातल्या ‘गेली’वर मी जोर दिला. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याला सवय असावी.

मग त्यानं सगळं मांडलं. लष्करी पोलिसांत मुलींची चार वर्षांची भरती होती. लेखी परीक्षेत तो पास झाला होता, मैदानी चाचणीचा मेळावा पुढं होता. तिथं मुलगी म्हणून जायचं, चार वर्षं मुलगी म्हणून राहायचं, इंजेक्शनं वगैरे सगळं तोपर्यंत बंद. दुसरी वाट राज्याच्या पोलीस भरतीची. तिच्या अर्जात आता तृतीयपंथी उमेदवारांसाठी रकाना आहे. तिथं जो आहे तो म्हणून उभं राहता येतं. मात्र एकदा कागद बदलले की लष्कराचं दार बंद, कारण तिथं असा रकाना नाही. अग्निशमन दलाचंही त्याच्या डोक्यात होतं, पण ते वडिलांपुढं काढायची सोय नव्हती.

“बाबांचं म्हणणं, फौजेत चार वर्षं काढ, मग परत आल्यावर तुझं काय म्हणणं ते बसून ऐकू. पोलिसांत त्या रकान्यातून जायचं असेल तर आधी घरातून जायचं.”

“असं म्हणाले?”

“इतकं सरळ नाही. ‘बातम्यांत दाखवतील तुला, आम्ही दुकानातल्या टीव्हीवर आवाज बंद करून बघू,’ असं म्हणाले.” तो जरा हसला. “सर, तुम्ही फौजेत होतात. बराक, आंघोळ, मेडिकल, सगळं तुम्हाला माहीत. चार वर्षं निघतील का तशी?”

मी काही बोलायच्या आत तो पुढं म्हणाला, “तुमच्याकडंच का आलो माहितीये? माझा मावसभाऊ इथं होता. तो म्हणाला, तिथले सर बनियन काढायला लावत नाहीत. बाकी सगळीकडे लावतात. म्हटलं, या माणसाला विचारावं.”

इतकी वर्षं ज्या नियमाच्या आड मी उभा होतो, तोच धरून हा माझ्यापर्यंत आला होता. याला किती माहीत आहे? कुणी पाठवलं? पलीकडच्या मैदानावर दुसरी अकादमी आहे, त्यांचा आमच्यावर राग आहे. त्याच्या हातात मोबाइल होता, स्क्रीन वरच्या बाजूला. रेकॉर्डिंग चालू असेल का? मी त्या मोबाइलकडे बघत बोललो.

“फौजेत जा. चार वर्षं काय, दात आवळले की जातात. आधी देश, बाकीचं मागून.”

“तुमची गेली?”

“गेली.”

फौजेबद्दल तोंडावर विचारल्यावर मी सरळ खोटं बोलण्याची ती पहिली वेळ. मी ते का बोललो, हे मला तेव्हाच माहीत होतं. हा मुलगा लांब कुठंतरी जावा, एवढंच मला हवं होतं. देश हा शब्द मी त्यासाठी वापरला.

घरी बायको मेथी निवडत होती. मी तिला सांगितलं, पण सगळं माझ्या बाजूनं: एक पोर आलं होतं, संशयास्पद वाटलं, वाटेला लावलं.

“काय सांगतलं त्याले?”

मी सांगितलं. तिचे हात थांबले.

“हॉस्टेलात तीन वर्षं तुमी कसे काढले ते मी पायलं ना,” ती म्हणाली. आम्ही दोघं एकाच हॉस्टेलात होतो. तिथंच आमचं जमलं. “सगळ्या पोरी उठायच्या आधी आंघोळीले जायचे. नळाले पाणी नसलं की तसेच कॉलेजात. उन्हाळ्यात अंगाले वास यायचा तुमच्या, मी कोणाले बोलू देत नव्हती. चौथं वर्ष काढलं असतं का तुमी?”

नसतं काढलं. तिला ते ठाऊक होतं. मी कॉलेजात एनसीसीत होतो आणि चांगला होतो. आमच्या मॅडम मागं लागल्या होत्या की अधिकारी हो, मुलींनाही आता घेतात, तुझं होईल. मला वर्दी इतकी हवी होती की स्वप्नात तिचा कडकपणा हाताला लागायचा. पण स्वप्नात ती वर्दी घातलेला मी मुलगा असायचो. मुलाखतीची वेळ आली तेव्हा गुडघा दुखतो असं सांगून मी गेलो नाही, आणि पुढं हिच्यासोबत पुण्याला पळून आलो. लोक म्हणतात विचार करून निर्णय घ्यावा. मी काही तोलून बघितलं नव्हतं. मी फक्त पळालो होतो, आणि पुण्यात येऊन इतरांना पळायला शिकवत होतो.

त्यानंतरच्या दिवसांत मी त्याच्यावर नजर ठेवली. त्यानं माझा सल्ला मानलेला दिसत होता. मुलींबरोबर निमूट धावायचा, केस वाढवायला लागला, उलट उत्तरं बंद झाली. हवालदारसाहेब खूश. “पोरगी लायनीवर आली,” म्हणाले. मला मात्र वाटे, हे नाटक आहे, हा मला जोखतोय. तो मुलींशी काही बोलून हसला की मी शिट्टी मारायचो. एकदा त्यानं माझा फोटो काढला असं वाटून मी त्याचा मोबाइल मागितला. त्यानं दिला. त्यात मैदानावरच्या कुत्र्याचे फोटो होते.

आमच्या मैदानाच्या कडेला एक फ्लेक्स आहे. निवड झालेल्या पोरांचे फोटो असतात त्यावर. वरच्या ओळीत फौजेतले, मोठे. खाली पोलीस, लहान. ही मांडणी माझी. अग्निशमन दलात गेलेल्या पोरांचे फोटो मी लावलेलेच नाहीत. त्यांतला एक पोरगा फौजेत दोनदा नापास झाला होता. आम्ही त्याला ‘राहून गेलेला’ म्हणायचो. मागं धरणातून पाणी सोडलं आणि नदीकाठच्या सोसायट्यांत शिरलं, तेव्हा मी त्याला बघितलं होतं. छातीएवढ्या पाण्यात तो एका आजीबाईंना खुर्चीसकट डोक्यावर घेऊन येत होता, आणि आजीबाई वरून त्याला ओरडत होत्या, “अरे हळू, माझी गोळ्यांची पिशवी!” मला बघून तो ओरडला, “सर, बघा, गोळाफेकीचा उपयोग झाला!” त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं होतं की त्याचा फोटो लावायचा. लावला नाही. त्या फ्लेक्ससमोर उभं राहून आता मला वाटायला लागलं की ही मांडणी देशाच्या सेवेची नव्हती, माझ्या हुकलेल्या गोष्टीची होती. जे मला मिळालं नाही ते वर, मोठं.

हे कळूनही मी बुधवार पेठेच्या त्या मुलाशी बोललो नाही. भीती होतीच. बोललो ते एका अपघातानं.

मेळाव्याला थोडे दिवस उरले होते. मुलींची सोळाशे मीटरची फेरी चालू होती. शेवटच्या वळणावर तो एकदम थांबला आणि गुडघ्यांवर बसला. तोंड उघडं, श्वास आत जाईना. दोन मुली त्याच्या टी-शर्टची गळ्याजवळची चेन उघडायला गेल्या तर त्यानं त्यांचे हात झटकले. “ॲसिडिटी,” म्हणाला. मी जवळ गेलो. टी-शर्टच्या खाली पाठीवर आडवी वळी दिसत होती. मी ती ओळखली. कॉलेजात मी दोन वर्षं तशीच पट्टी बांधत होतो, दुखापतीवर बांधायची रुंद ताणपट्टी, छातीवर घट्ट तीन वेढे. मी मुलींना पुढं पाठवलं आणि खाली बसलो.

“पट्टी बांधून धावायचं नाही,” मी हळू म्हणालो. “फासळीला इजा होते. मागं वळ, हुक काढून टाक, मी आडोसा करतो.”

त्यानं तसं केलं. श्वास आल्यावर त्यानं विचारलं,

“तुम्हाला हुक कसे माहीत?”

बहीण नर्स आहे, असं सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ते धापा टाकणं मी माझं म्हणून ओळखलं होतं आणि त्याच्यापुढं आणखी एक खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती. मी सांगितलं. सगळं नाही, चार वाक्यांत. जन्म, हॉस्टेल, पट्टी, पुणे. मग पाचवं वाक्य: फौजेत मी कधीच नव्हतो, जायचं मात्र खूप होतं.

मला वाटत होतं त्याला निदान अर्धं माहीत असेल. त्याला काहीच माहीत नव्हतं. बनियनच्या नियमामुळं त्याला मी एक बरा माणूस वाटलो होतो, इतकंच.

“म्हणजे तुम्ही स्वतः हे सगळं केलेलं आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि तरी मला म्हणालात, दात आवळ.”

“हो.”

“वा.” त्यानं पट्टी गुंडाळायला घेतली. “अनुभव खरा तो लपवला, नव्हता तो सांगितला. सल्ला तेवढा फुकट.”

“मी घाबरलो होतो. मला वाटलं तुला कुणीतरी पाठवलंय.”

“मला? कोण पाठवणार? माझे बाबा मला दूध आणायला पाठवत नाहीत.” मग त्याचा आवाज बदलला. “सर, तुम्ही दर वर्षी तुमच्याऐवजी पोरं पाठवता. पाठवा. त्यांना जायचंय. पण या वर्षी मला पाठवत होतात, आणि मी जातही होतो.”

“आता काय करशील?”

“ते तुम्हाला सांगू?” असं म्हणून तो उठला आणि गेला.

पुढचे दिवस मी नीट झोपलो नाही. मैदानावर चार पोरं एकत्र हसली की मला वाटे, झालं. मोबाइल वाजला की उचलायच्या आधी नंबर दोनदा बघायचो. हवालदारसाहेबांनी एकदा सहज “सर, जरा बोलायचं होतं” म्हटलं आणि मी त्यांना पोरांपासून लांब, टाकीमागं घेऊन गेलो. त्यांना दोरीच्या उड्यांसाठी नव्या दोऱ्या हव्या होत्या. तो मुलगा येत नव्हता. मी धरून चाललो की तो मेळाव्याला जाणार; आणि माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात, लिहायची लाज वाटते, त्यामुळं सुटका झाल्यासारखं वाटत होतं.

मेळावा दुसऱ्या जिल्ह्यात होता. त्या दिवशी सकाळी मी मुलांची रांग लावली आणि हजेरी घ्यायला वळलो तर रांगेच्या टोकाला तो उभा. केस पुन्हा बारीक कापलेले.

“ही इथं काय करतेय?” हवालदारसाहेब म्हणाले. “अगं, आज मेळावा ना तुझा?”

तो माझ्याकडे बघत होता. मला पहिल्यांदा एकच वाटलं: हा आता सगळ्यांसमोर सांगणार.

“सर, सोळाशे मीटर,” तो म्हणाला. “मुलांबरोबर. पोलीस भरतीचा अर्ज भरलाय.”

“मुलांबरोबर कशाला?” हवालदारसाहेब म्हणाले. “अहो सर, सांगा की तिला.”

रांगेतली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली होती. मी म्हणालो, “तो मुलगा आहे. मुलांत धावेल.”

“कुणी सांगितलं?”

“त्यानं.”

“आणि तुम्ही मानलंत? बघायला नको काही? तपासायला?”

“मला कुणी तपासलं होतं का, साहेब?” माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “इतकी वर्षं तुमच्या शेजारी उभा आहे. तुम्ही कधी तपासलंत?”

माझं हे बोलणं हवालदारसाहेबांनी फौजेबद्दलचं धरलं की दुसऱ्या गोष्टीबद्दलचं, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलेलं नाही, त्यांनीही नाही. त्यांच्या प्रत्येक ‘सर’मध्ये मी अजून काहीतरी शोधत असतो. तेव्हा ते फक्त म्हणाले, “पोरं थंड पडतायत. शिट्टी मारा.”

मी मारली. तो शेवटून तिसरा आला. मी सगळ्यांच्या वेळा मोठ्यानं वाचल्या तशी त्याचीही वाचली, आणि म्हणालो की या वेळेला गुण मिळत नाहीत.

“दिसतंय,” तो धापा टाकत म्हणाला. “पण सराव करायला आता दिवसभर मोकळा आहे. दुकानात जायचं नाही, घरी पण नाही.”

“म्हणजे?”

“काल निघालो. आवाज बंद करून बघायचा कार्यक्रम सुरू झालाय.” टाकीच्या मागं त्याची बॅग होती, आणि तिच्यावर घडी घातलेली एक चादर.

हे माझ्यामुळं झालं की माझ्याविना, ते मला ठरवता येईना. त्यानं माझा खोटा सल्ला टाकून दिला होता. त्याची किंमत तो भरत होता. आणि फौजेची चार वर्षं बरी की हे बरं, हे मला त्या क्षणीही छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. मला एवढंच माहीत होतं की मी पळून आलो तेव्हा माझ्याबरोबर एक माणूस होतं. त्याच्याबरोबर चादर होती.

“मांजरीला चल,” मी म्हणालो. “आमच्याकडे एक खोली रिकामी आहे.”

मी एरवी लोकांकडे बघतो तसं त्यानं माझ्याकडे बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत.

“हे माझ्यासाठी करताय, की मी तोंड बंद ठेवावं म्हणून?”

“दोन्ही असेल,” मी म्हणालो. “मला नक्की कळत नाही.”

“माझ्याबद्दल हे पहिलं खरं बोललात.” त्यानं बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली. “आधी घरी, तुमच्या मॅडमना फोन करा. त्या हो म्हणाल्या तर येतो. तुमच्या शब्दावर येणार नाही.”

मी घरचा नंबर लावला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला.